बाटलीवरचं प्रमाण आणि गोंदियाची हवा

गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा सातपुड्यातला लोहमार्ग बंगाल नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 या काळात टप्प्याटप्प्याने खुला केला. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर होतं 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. या आकड्याला 87 ने भागलं की 8.76 येतात. रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्यांमध्ये 1:87 हे प्रमाण जगभर रूढ आहे आणि त्यांच्या दुकानांत 9 मिलिमीटर गेजचे तयार रूळ मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा. ही गाडी टेबलावर चालवायला रूळ वेगळे घडवावे लागत नाहीत.

मूळ गाडी आता धावत नाही. गोंदिया–बालाघाट हा तुकडा 2005-06 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि पुढे जबलपूरपर्यंतचा सगळा मार्ग बदलला. छोट्या रुळांवरची इंजिनं आणि डबे जवळून पाहायचे, मोजायचे, फोटो काढायचे तर नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. ते डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालं. तिथल्या मोजमापांवरून प्लास्टिकच्या पत्र्यातून इंजिन कापता येतं, जोडता येतं. खरी परीक्षा त्यानंतर, रंगाच्या वेळी होते.

जाडीचा हिशेब

मॉडेलचं प्रमाण रंगालाही लागू असतं, हे सुरुवातीला लक्षात येत नाही. ट्यूबमधला ॲक्रिलिक रंग ब्रशने जाडसर लावला, तर वाळल्यावर त्याचा थर सहज 0.1 मिलिमीटर भरतो. त्याला 87 ने गुणा. खऱ्या इंजिनावर तो साडेआठ मिलिमीटरहून जाड लेप झाला. बॉयलरच्या रिव्हेटचं 20 मिलिमीटर रुंदीचं डोकं मॉडेलवर 0.23 मिलिमीटरचं होतं आणि त्याची उंची त्याहून कमी. एका जाड हातात अशी रिव्हेटची आख्खी रांग बुजते. म्हणून रंग पातळ करायचा आणि एअरब्रशने अनेक हलके हात द्यायचे. चांगल्या फवाऱ्याचा एक हात 0.01 ते 0.02 मिलिमीटरचा असतो.

हे हत्यार जुनंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलरने 1879 मध्ये हवेच्या दाबावर रंग उडवणारं यंत्र केलं, आणि चार्ल्स बर्डिकने 1893 मध्ये त्याला आजच्या पेनासारखं रूप दिलं. सुरुवातीची वर्षं ते फोटोंची डागडुजी करायला वापरलं गेलं. आजच्या साध्या एअरब्रशमध्ये 0.2 ते 0.5 मिलिमीटरचं नॉझल असतं, त्यातून सुई सरकते आणि 15 ते 20 पीएसआय दाबाची हवा रंगाचे थेंब फोडते. त्या छिद्रातून जाण्याइतका रंग पातळ हवा, आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत तो ओला राहायला हवा. गोंदियात अडतं ते या दुसऱ्या अटीपाशी.

पातळ म्हणजे नेमकं किती

रंग दुधाइतका पातळ करावा, असं या छंदातल्या प्रत्येक पुस्तकात सांगितलेलं असतं. गोंदियात लगेच विचारलं जाईल, गाईचं की म्हशीचं? चेष्टा सोडली तरी शंका रास्त आहे. त्यापेक्षा कपाच्या भिंतीवर रंग लावून पाहावा. तो खाली सरकताना मागे सारख्या जाडीचा पडदा ठेवत असेल तर ठीक. काठ लगेच उघडा पडला तर पाणी जास्त झालं, आणि रंग जागेवरच थांबला तर कमी.

हे समजून घ्यायचं तर ॲक्रिलिकच्या पोटात पाहावं लागतं. 1953 मध्ये अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने घरांच्या रंगांसाठी पाण्यात तरंगणारं ॲक्रिलिक बाजारात आणलं. आज आपल्या हातातल्या बहुतेक पाणीवाल्या रंगांची जात तीच. रंगाचे कण आणि ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडालं की गोळे एकमेकांना भिडतात, मग एकजीव होऊन पातळ कातडं तयार होतं. एकदा ते जमलं की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. नॉझलच्या टोकावर ते जमलं तर रंग अडतो, थुंकतो.

म्हणूनच नुसतं पाणी घालत गेलं की दोन नुकसानं होतात. गोळे विरळ होतात आणि कातडं दुबळं बनतं, मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर येतो. शिवाय पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे प्लास्टिकवर रंग पसरण्याऐवजी थेंब थेंब होऊन बसतो. कंपनीच्या थिनरमध्ये हा ताण कमी करणारे आणि वाळणं लांबवणारे घटक असतात.

सगळ्या ॲक्रिलिकना एकच थिनर चालत नाही. तामिया या जपानी कंपनीचे रंग अल्कोहोल मानतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तरी ते नीट मिसळतात. स्पेनच्या व्हालेहोच्या मॉडेल कलरमध्ये तेच घातलं तर रंग फाटून रबरासारख्या गाठी होतात. दांडेकर बंधूंच्या 1931 मधल्या उद्योगातून पुढे आलेल्या कॅम्लिनचे कॅमल ॲक्रिलिक रंग शाळेजवळच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, पण ते कॅनव्हाससाठी केलेले, घट्ट असतात. ते वापरायचे तर आधी पाणी आणि ॲक्रिलिक मीडियम घालून हळूहळू सैल करायचे, मग बारीक नायलॉनच्या कापडातून गाळायचे आणि 0.4 किंवा 0.5 चं नॉझल लावायचं.

वैशाखातली फवारणी

तामियाचं गाव शिझुओका जपानच्या किनाऱ्यावर आहे आणि व्हालेहोचा कारखाना स्पेनच्या भूमध्य किनाऱ्याजवळ. एक भाग रंग, एक भाग थिनर हे बाटलीवरचं, पाठ झालेलं प्रमाण अशा सौम्य हवेत चांगलं चालतं. गोंदियात मे महिन्यातल्या दुपारी पारा 43 अंशांच्या आसपास असतो आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते.

हवा किती जोराने पाणी ओढून घेते, ते मोजता येतं. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या बाष्पाच्या दाबातून प्रत्यक्षातल्या बाष्पाचा दाब वजा करायचा. 20 अंश आणि साठ टक्के आर्द्रतेला ही ओढ सुमारे 0.9 किलोपास्कल येते. गोंदियातल्या मेच्या दुपारी ती 6.9 असते, म्हणजे सातपटीहून जास्त. वाळणारा थेंब स्वतःही गार होत असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी पडतो, पण बाटलीवरचं प्रमाण चुकवायला तेवढाही पुरतो.

परिणाम मॉडेलवर हाताला लागतो. थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर रंगाऐवजी खरखरीत भुकटी बसते. अशा वेळी दाब वाढवायचा मोह होतो, आणि तोच घात करतो. दाब वाढला की थेंब बारीक होतात, आणि थेंब वाळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला की वाळण्याचा वेळ चौथा हिस्सा उरतो. म्हणून उन्हाळ्यात उलटं करायचं: दाब 12 ते 15 पीएसआयपर्यंत उतरवायचा, नॉझल मोठं घ्यायचं, एअरब्रश मॉडेलच्या जवळ आणायचा आणि रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर घालायचं. रिटार्डर थेंबांनीच मोजावं. ते जास्त झालं तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो.

याहून सोपा उपाय विदर्भातल्या घरोघरी खिडकीत बसवलेला असतो. डेझर्ट कूलर हवा गार करतो आणि त्याच वेळी ओलीही करतो. खोली 30 अंशांवर आणि साठ टक्क्यांवर आली की हवेची ओढ 1.7 किलोपास्कलपर्यंत उतरते, बाहेरच्या चौथ्या हिश्शावर. कूलरच्या झोतात मात्र मॉडेल ठेवू नये. जाळीतली धूळ आणि गवताचे तुकडे थेट ओल्या रंगावर येतात. खोली आधी गार करावी, फवारताना कूलर बंद करावा, खिडकी उघडावी आणि तोंडावर मास्क लावावा. पाणीवाला रंग झाला तरी त्याचे तरंगणारे कण फुप्फुसात जायला नकोत.

श्रावणातलं पाणी

पावसाळ्यात दुखणं बदलतं. जुलैत आर्द्रता 85 टक्के आणि तापमान 28 अंश धरलं, तर ओढ अर्ध्या किलोपास्कलच्या थोडी वर राहते, मेच्या दुपारच्या बाराव्या हिश्शाइतकी. रंग हळू वाळतो, घाईत दुसरा हात मारला की ओघळतो, आणि रिटार्डर तर औषधालाही नको.

त्याहून मोठी अडचण कॉम्प्रेसरच्या टाकीत असते. 45 पीएसआय दाबाला टाकीत बाहेरच्यापेक्षा चौपट हवा कोंबलेली असते. तिच्याबरोबर बाष्पही चौपट होतं. हवा खोलीच्या तापमानाला आली की शंभर टक्क्यांच्या वरचं बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. 85 टक्क्यांचे चौपट 340 होतात, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त बाष्प टाकीतच पाणी बनतं. ते नळीतून आलं की ताज्या रंगावर पाण्याचे डाग उमटतात. मेमध्ये हेच गणित वीस टक्क्यांचे चौपट ऐंशी असं येतं, शंभराच्या आत, म्हणून तेव्हा टाकी कोरडी राहते. जो उन्हाळ्यात काम शिकला, त्याला टाकीचा तळाचा नळ सोडून पाणी काढायचं असतं हे जुलैपर्यंत कळतच नाही. एअरब्रशजवळ नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप बसवणं गोंदियात चैन नाही, गरज आहे.

याच ओल्या दिवसांत तान्हा पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. प्रमाणात घडवलेल्या प्रतिकृती रंगवण्याची विदर्भातली ही सर्वांत जुनी हौस म्हणता येईल. नंदी बहुधा ऑइल पेंटने रंगवतात आणि तो पावसात लवकर वाळत नाही. ॲक्रिलिक त्याच दिवशी हात लावण्याजोगा होतो, पण लाकूड आधी बंद करावं लागतं, नाहीतर रंगातलं पाणी शोषून रेषा फुगतात. त्यासाठी स्पिरिटमधला चपडा उत्तम, आणि चपडा म्हणजे लाख. डिंक आणि लाख या इथल्या रानांतल्या जुन्या उपजा, पळस आणि कुसुमच्या झाडांवरच्या किड्यांपासून ती लाख मिळते. एकच पथ्य पाळायचं. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून त्यावर अल्कोहोलने पातळ केलेला रंग फवारू नये. तिथे पाणीवालाच रंग हवा.

पांढरं विमान, काळं इंजिन

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि डायमंड कंपनीची छोटी पांढरी विमानं आकाशात घिरट्या घालतात. ती पांढरी असण्याचं कारण शोभा नाही. त्यांचं अंग काच आणि कार्बनच्या तंतूंना राळेत बसवून केलेलं असतं. उन्हात तापली की राळ मऊ पडायला लागते, म्हणून ऊन परतवणारा पांढरा रंग हवा.

त्यांतल्या डीए-40 या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 12 मीटर, 1:72 मध्ये साधारण साडेसोळा सेंटिमीटर. मॉडेल छोटं, पण पांढरा रंग सर्वांत हट्टी. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं आणि कपात भराभर तळाशी बसतं. वरचं पाणचट फवारलं जातं आणि खालचं नॉझल बंद करतं. दर थोड्या वेळाने कप ढवळावा. खाली करड्या प्रायमरचा हात द्यावा म्हणजे पांढरा कुठे विरळ पडला ते दिसतं, आणि पाच-सहा हलके हात द्यावेत. एका हातात झाकायला गेलं की पंखांच्या जोडरेषा बुजतात.

काळ्या इंजिनाचं उलट असतं. काळा पहिल्याच हातात झाकतो, पण निखळ काळा मॉडेलवर खोटा दिसतो. मोठी वस्तू आपण लांबून, मधल्या हवेतून पाहतो, त्यामुळे तिचा काळेपणा फिकट भासतो. म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळावा, बॉयलरच्या वरच्या अंगाला किंचित जास्त. चाकांच्या आसपास गेरूच्या छटेची धूळ खूप पातळ करून फवारावी, एक भाग रंगाला चार-पाच भाग थिनर.

वही

इतक्या हिशेबानंतर एक वही ठेवायला हरकत नाही. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, रंग, थिनर, दाब आणि निकाल, एवढ्या आठ गोष्टी. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. एका वर्षात वहीत जे साठेल ते कोणत्याही परदेशी पुस्तकात नसेल, कारण मेची दुपार, जुलैचा ओलावा आणि पहाटे दहा अंशांखाली उतरणारी जानेवारीची थंडी या तिन्ही हवांतून एकच बाटली तिथे कुणी नेलेली नसते. जानेवारीच्या पहाटे फवारूही नये. फार थंडीत ॲक्रिलिकचे गोळे नीट एकजीव होत नाहीत आणि रंग भुसभुशीत राहतो.

वहीची सुरुवात पावसाळ्यानंतर करावी. पाऊस संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत गोंदियात दिवसा 27-28 अंश आणि पन्नास-साठ टक्के आर्द्रता असते. हवेची ओढ दीड किलोपास्कलच्या आसपास राहते, टाकीत पाणीही पावसाळ्यापेक्षा कमी साचतं. बाटलीवरचं प्रमाण या महिन्यांत जवळजवळ खरं ठरतं, म्हणून तेच आधाराला धरावं. मे आणि जुलैमधली प्रमाणं त्यावरून किती सरकली, ते मग मोजता येतं.