नावाची झडती

अमेरिकेत संगणक विकत घेणाऱ्या ग्राहकाची दोनदा पारख होऊ शकते. त्याच्याजवळ पैसे आहेत की नाहीत, ही पहिली. ती व्यापाराइतकीच जुनी आहे. तो कोण आहे, ही दुसरी. अमेरिकी अर्थखात्याचा एक विभाग दहशतवादी, अमली पदार्थांचे व्यापारी, निर्बंधित राजवटींचे हस्तक अशांच्या नावांची यादी प्रसिद्ध करतो. त्यांच्याशी व्यवहार करण्यास तेथील व्यापाऱ्यांना मनाई आहे. सप्टेंबर २००१ नंतर या यादीचा धाक केवळ बँकांपुरता उरला नाही. तो दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचला.

अशी यादी असूच नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तिच्यामागील हिशेबाचा. निषिद्ध व्यक्तीला अजाणता माल विकला तरी विक्रेता दंडास पात्र ठरू शकतो. २००७ च्या कायद्याने या दंडाची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर किंवा व्यवहाराच्या दुप्पट, यांतील जी रक्कम मोठी ती, अशी ठरविली. पुढे ती वाढतच गेली. उलट निरपराध ग्राहकाला परत पाठविले, तर एक विक्री तेवढी बुडते. अशा वेळी शहाणा व्यापारी काय करील, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

जून २०१२ मधील एक प्रसंग वृत्तपत्रांत गाजला. जॉर्जिया राज्यातील अल्फारेटा येथे इराणी वंशाची एक अमेरिकी विद्यार्थिनी आयपॅड घेण्यास गेली. ती सोबतच्या नातलगाशी फारसीत बोलत होती. भाषा कोणती, असे विक्रेत्याने विचारले आणि उत्तर ऐकून माल नाकारला, असे तिने वार्ताहरांना सांगितले. तो आयपॅड इराणमधील नातलगासाठी होता व तेथे पाठविण्यास बंदी होती, हे खरे. परंतु संशय सुरू झाला तो भाषेवरून.

नामसाधर्म्याची गोष्ट याहून बिकट. गावात चार दत्तात्रय कुलकर्णी असले, तर टपालवाला वाडा विचारतो. पत्र परत पाठवीत नाही. येथे मात्र यादीतला मनुष्य आपण नव्हे, हे ग्राहकानेच सिद्ध करावयाचे. त्यासाठी जन्मतारीख द्यावी, जन्मस्थान द्यावे, प्रसंगी पारपत्रही दाखवावे. म्हणजे ज्याचा काही अपराध नाही, त्यानेच आपली सर्वांत अधिक माहिती परक्याच्या हाती ठेवावयाची. ती पुढे कोणाकडे जाते, हे बिलावर लिहिलेले नसते.

संगणकाच्या दुकानातून परतलेला ग्राहक सहसा न्यायालयाची पायरी चढत नाही. मोटार-विक्रेत्याकडे अडलेला कॅलिफोर्नियातील एक ग्राहक मात्र चढला. पतविषयक माहिती पुरविणाऱ्या ट्रान्सयुनियन कंपनीने २०११ मध्ये त्याच्या नावापुढे यादीचा शेरा मारला होता. नाव व आडनाव जुळले एवढ्यावरच. जन्मतारीख ताडून पाहिली नव्हती. असा शेरा बसलेले ८,१८५ लोक त्या दाव्यात होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी १,८५३ जणांनाच भरपाई मागण्याचा अधिकार मान्य केला. उरलेल्या ६,३३२ जणांचा शेरा त्या काळात बाहेर कोणाकडे गेला नव्हता, म्हणून त्यांची प्रत्यक्ष हानी झालीच नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले.