तीन हजारांची सिस्टर

भंडारदऱ्याला निघालेली मंडळी राजूरला पेढ्यांसाठी गाडी थांबवतात आणि पुढे जातात. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना मात्र राजूर वेगळ्या कारणांनी ठाऊक आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे, ग्रामीण रुग्णालयही इथेच. पलीकडे रस्ता चढू लागतो. भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवती रतनवाडी, साम्रद आणि अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणवलं जाणारं घाटघर. परिचारिकेचं काम किती रुंद असू शकतं, ते अशा मुलखात कळतं.

सरकारी निकषानुसार सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे. आकडा लहान म्हणून काम हलकं, असं मात्र नाही. सपाटीवरचे पाच हजार एका गावात सापडतील. इथले तीन हजार वाड्या-पाड्यांत विखुरलेले, आणि मधे ओढा. हा सगळा संसार जिच्या वहीत, ती कागदोपत्री ‘आरोग्य सेविका’. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली. लोकांच्या तोंडी ती सिस्टर नाहीतर नर्सबाई.

तिचा लशींचा डबा उघडून पाहण्यासारखा आहे. आत बर्फाची चार पाकिटं. ती फ्रीजरमधून काढून थेट डब्यात भरायची नाहीत. कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच. कारण पेंटाव्हॅलंटसारखी लस उन्हाने जितकी बिघडते, त्याहून लवकर गोठून वाया जाते. २ ते ८ अंश सेल्सिअस एवढीच तिची सोय. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होतो. गोलाच्या रंगाला भिडला की कुपी बाद. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. म्हणजे वाडीवर एकच बाळ आलं असलं तरी कुपी फोडायचीच. बाळ परत पाठवून लस वाचवण्याला अर्थ नाही, हे तिला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

बाळंतपणात घड्याळ आणखी कडक. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, म्हणजे वार पडताना रक्त फार जात नाही. त्याच मिनिटात बाळ रडलं नाही, तर पिशवी आणि मास्कने श्वास द्यायचा. जुन्या सुईणीच्या हाताला अनुभव मोठा होता, पण हे औषध तिच्यापाशी नव्हतं.

डॉक्टरमागे ट्रे धरून उभी राहणारी नर्स ही सिनेमाची देणगी. पेशाची खरी गोष्ट वेगळी. १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. परिचर्या शिकायला आलेल्या पहिल्या भारतीय म्हणून त्यांची नोंद आहे. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, स्थापना १९०९, घरंदाज बायकांना या पेशाकडे वळवलं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होतीच. आज जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे जिला लोक अजून मेट्रनच म्हणतात. पुरुष असतील तर ‘ब्रदर’. ही शिडी उंच खरी, पण माझ्या मते सर्वांत मोठा आवाका सर्वांत खालच्या पायरीवरच्या नर्सबाईचा. डॉक्टर जितका लांब, तितकी तिची कामं जास्त.

ग्रामीण रुग्णालयात निराळी परीक्षा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात पाय घातलेल्या माणसाला साप चावतो आणि ‘कुठला होता’ याचं उत्तर बहुधा मिळत नाही. मग नर्स दोनेक मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत काढते आणि नळी वीस मिनिटं जराही न हलवता ठेवते. काचच हवी, प्लास्टिक चालत नाही. साबणाचा अंश राहिला तरी फसगत. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. गोठलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण नाग आणि मण्यार रक्ताला हात लावत नाहीत. त्यांचं विष आधी पापण्यांत दिसतं, डोळे उघडे राहीनासे होतात. देशात मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. डॉक्टर ते सुरू करायला सांगतात आणि सलाइन टिपकू लागतं. सिस्टर मात्र सलाइनकडे पाहत नाही. अॅड्रेनलिन भरून ठेवलेली सिरिंज हाताशी घेऊन ती रोग्याच्या कातडीकडे पाहत बसते. कुठे खाज सुटली, कुठे गांधी उठली, तर प्रतिविषच बाधलं.