गिळलेले वेष्टन : एक प्रनष्ट शल्य

तेल्हाऱ्यासारख्या गावी रुग्ण दोन-चार गोळ्याच मागतो आणि औषधविक्रेता ब्लिस्टरची पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी सुटी देतो. दृष्टी मंदावलेला वृद्ध ती वेष्टनासकट गिळतो. प्लास्टिकचे टोकदार कोपरे अन्ननलिकेत रुततात, प्रसंगी आतड्यास छिद्र पाडतात. क्ष-किरण चित्रात प्लास्टिक बहुधा दिसत नाही, म्हणून चित्र निर्दोष आले तरी वैद्याने निश्चिंत राहू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 26 वा अध्याय अशा न दिसणाऱ्या शल्याच्याच ज्ञानासाठी आहे. गिळताना वेदना, लालास्राव वा उदरशूल असता वमन-विरेचनाच्या भरीस पडू नये. रुग्णास दुर्बिणीच्या तपासणीसाठी विनाविलंब अकोल्यास पाठवावे. आपल्या गुग्गुळ-वटीही आता अशाच पट्ट्यांत येतात. एकच गोळी द्यायची असल्यास ती वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत द्यावी. पुडी ही तर आपलीच जुनी रीत!