रोगाचं नाव न विचारणारी ग्रंथी

लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीपाशी थांबलो होतो. आज तिथून निघालेला निरोप जिथे पोहोचतो, त्या अधिवृक्क ग्रंथींकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या दोन लहान ग्रंथी. त्यांची कथा सांगायला चिंचपोकळी-परळसारखी दुसरी जागा नाही. चिंचपोकळीला आर्थर रोडवर साथीच्या रोगांचं कस्तुरबा रुग्णालय, पुढे परळला हाफकिन संस्था, टाटा, केईएम, पशुवैद्यकीय महाविद्यालय, प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. माणसाचं आणि जनावराचं आजारपण इतक्या लगत अभ्यासलं गेलं असा भाग आपल्याकडे विरळाच.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली आणि १९०५ पासून प्लेग आयोगाचं काम तिथे सुरू झालं. शहरभरातून गोळा केलेले मेलेले उंदीर टेबलावर चिरले जात. मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी सुजलेल्या, कातडीखाली रक्ताची लाली, यकृतावर बारीक पांढुरके ठिपके, छातीच्या पोकळीत साचलेलं पाणी. एवढं दिसलं की निदान झालं. सराईत नजरेला त्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीही फारशी गरज पडत नसे.

या साऱ्या प्लेगच्या खुणा. पण आजारी जनावराच्या शरीरात आणखी एक मजकूर लिहिलेला असतो आणि त्यात रोगाचं नाव कुठेच नसतं.

त्याची पहिली अक्षरं दिसली ती गिनीपिगमध्ये. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारे येर्सिन त्याआधी पॅरिसमध्ये रू यांच्यासोबत घटसर्पावर काम करत होते. घटसर्पाच्या विषाने मेलेला गिनीपिग उघडला की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुजून लालभडक झालेल्या दिसत. पुढे कित्येक वर्षं ही घटसर्पाची खूण म्हणूनच ओळखली गेली.

ती फक्त घटसर्पाची नव्हती, हे लक्षात यायला १९३६ उजाडलं. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये हा तरुण संशोधक बीजांडकोशातलं एखादं नवं हॉर्मोन सापडतंय का, हे शोधत होता. अर्क टोचलेल्या उंदरांमध्ये त्याला तीन बदल एकत्र दिसले: अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आणि लसिका गाठी आक्रसलेल्या, जठर-आतड्यांत व्रण. नवं हॉर्मोन मिळालं, असं वाटून तो हरखला. पण अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम जास्त! शेवटी त्याने साधं फॉर्मॅलिन टोचून पाहिलं. तेच तीन बदल, आणि अधिक ठळक. मग कडाक्याची थंडी, शस्त्रक्रियेची जखम, दमछाक करणारा व्यायाम, मॉर्फीन, अॅट्रोपीन असं सगळं करून पाहिलं. कारण काहीही असो, उंदराचं शरीर ४८ तासांच्या आत तेच उत्तर देत होतं. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर'मध्ये हे छोटंसं टिपण छापून आलं. आज आपण उठता-बसता 'स्ट्रेस' म्हणतो, त्या कल्पनेचा उगम या टिपणात आहे. सेल्येची थोरवी मला इथे दिसते. हवं ते हॉर्मोन मिळालं नाही, तरी हाताशी आलेली निराशा त्याने फेकून दिली नाही, तिच्याकडेच नीट पाहिलं.

आता हे घडतं कसं ते पाहू. मेंदूतला अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला निरोप देतो, पोष ग्रंथी एसीटीएच हे हॉर्मोन रक्तात सोडते आणि अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल तयार करू लागतो. गिनीपिगमध्ये माणसासारखं कॉर्टिसॉलच असतं, उंदरांत त्याचं भावंड कॉर्टिकोस्टेरॉन. मागणी वाढत राहिली की ग्रंथी कामाने फुगते. थायमस आक्रसते, कारण तिथल्या कोवळ्या पांढऱ्या पेशी या हॉर्मोनच्या माऱ्यात मरतात. राहिला प्रश्न जंतूंचा: ते शरीरात शिरल्याचं मेंदूला कळतं कसं? १९८०च्या दशकात त्याचा उलगडा झाला. जंतूंशी लढणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ सारखी रसायनं सोडतात आणि ती मेंदूपर्यंत पोहोचून हीच साखळी चालू करतात. म्हणजे मनाला बसलेला धक्का आणि शरीरात शिरलेला जंतू, दोघंही एकाच दारावर थाप मारतात.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. कॉर्टिसॉल म्हणजे तब्येतीचा शत्रू, असं हल्ली सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेला उंदीर, निरोगी उंदराने सहज पचवलं असतं एवढ्याशा जंतुविषानेही मरतो. त्याला मारण्यात विषाइतकाच त्याच्याच प्रतिकारशक्तीच्या बेफाम भडक्याचा हात असतो. कॉर्टिसॉल हा त्या उधळलेल्या घोड्याचा लगाम. १९८९ मध्ये हे फार सुंदर दाखवलं गेलं. लुईस जातीच्या उंदरांचा अधोथॅलॅमस अशा वेळी नीट साद देत नाही, म्हणून जंतूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे टोचले की त्यांचे सांधे सुजतात. फिशर जातीचे उंदीर तेच टोचल्यावर जवळपास धडधाकट राहतात. मात्र फिशर उंदरांत हॉर्मोनचं काम औषधाने अडवलं, की तेही गंभीर आजारी पडतात.

२०२० च्या सुरुवातीला मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण चिंचपोकळीच्या कस्तुरबातच आले. त्याच जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला. डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलच्या कृत्रिम, स्वस्त भावंडाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र फायदा झाला नाही. लगाम कधी ओढायचा, यालाच सारं महत्त्व. आणि ज्यांच्या घरी कुणी बराच काळ प्रेडनिसोलोन घेत असेल, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ती गोळी मनाने एकाएकी बंद करू नये. स्वतःची ग्रंथी तोवर काम विसरलेली असते आणि साध्या तापातही जीव धोक्यात येऊ शकतो.

आजारपणात बाकीच्या ग्रंथीही आवरतं घेतात. थायरॉइडचं टी-३ घसरतं, नरांत टेस्टोस्टेरॉन कमी होतं, माद्यांचं ऋतुचक्र लांबतं किंवा थांबतं. त्यांतल्या थायरॉइडला स्वतंत्र लेखांक देणार आहे.

हॉर्मोन आणि रोग यांच्या नात्यात मला जास्त जवळची वाटते ती परळच्याच कमल रणदिवे यांच्या उंदरांची गोष्ट. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमलताईंनी डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली आणि पुढे परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आनुवंशिकता, विषाणू आणि हॉर्मोन यांचा या रोगात एकत्र हात असतो, हा त्यांच्या कामाचा गाभा. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हर्नन रायली यांनी त्यात आणखी एक धागा जोडला. स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू मुळातच अंगात असलेल्या उंदीर-माद्यांचे त्यांनी दोन गट केले. एक नेहमीच्या गजबजलेल्या प्राणिगृहात, दुसरा आवाज आणि वर्दळ यांपासून जपलेला. ४०० दिवसांनी पहिल्या गटात ९२ टक्के माद्यांना गाठी होत्या, दुसऱ्यात ७ टक्के. यावरून माणसाच्या कर्करोगाचं खापर ताणावर फोडू नये, त्या माद्या खास जातीच्या आणि विषाणू बाळगणाऱ्या होत्या. पण प्राणिगृहाच्या भिंतीआडचा गोंगाट प्रयोगाचा निकाल फिरवू शकतो, हे मात्र या आकड्यांनी साफ दाखवलं.

म्हणून प्राण्याला कसं हाताळलं, हा मला केवळ दयेचा प्रश्न वाटत नाही, तो निकालाच्या खरेपणाचाही आहे. पिंजरा जागचा हलवला तरी उंदराच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन चढतं. पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घेतलं नाही, तर मोजणी प्राण्याच्या मूळ स्थितीची राहत नाही, आपण दिलेल्या धक्क्याची होते. पांढऱ्या उंदराला शेपटीला धरून उचलण्यापेक्षा ओंजळीत किंवा नळीतून उचललं तर तो कमी घाबरतो. २०१४ मध्ये तर असं आढळलं की, नुसत्या पुरुषाच्या वासानेही उंदरांचा ताण वाढतो. लालबाग-परळमध्ये गणपतीचे ढोल आणि बांधकामाच्या यंत्रांचे हादरे वर्षाचे कितीतरी दिवस चालतात, आणि उंदराच्या कानाला तर आपल्याला न ऐकू येणारे आवाजही ऐकू येतात. इथल्या प्रत्येक प्रयोगाच्या नोंदवहीत तारखेशेजारी त्या दिवसाचा आवाजही लिहिला जावा, असं मला मनापासून वाटतं.

सुईविना मोजण्याची वाटही आता निघाली आहे. पिंजऱ्यातल्या लेंड्या गोळा करून त्यांतले कॉर्टिकोस्टेरॉनचे अवशेष मोजायचे. त्यांतून काही तासांपूर्वीचा ताण कळतो आणि त्यासाठी प्राण्याला हातही लावावा लागत नाही.

(पुढील लेखांक: आजारपणातली थायरॉइड)