वजन जड, खर्च हलका

कोजागरी पौर्णिमेच्या आधी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गाड्या दुसरीकडून वळवाव्या लागतात, इतका तो पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. सोलापुरातून निघालेली माणसं तामलवाडी मागे टाकत पंचेचाळीसेक किलोमीटर तोडतात आणि तुळजाभवानीच्या दारी पोचतात. यातल्या बहुतेकांनी जिमची पायरीही चढलेली नसते. तरी साठ किलोचा माणूस या एका चालीत अंदाजे दोन हजार कॅलरी खर्च करतो. (कॅलरी म्हणजे इथे किलोकॅलरी, खाण्याच्या पाकिटावर छापलेली असते ती.)

आता दुसरं टोक पाहू. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा. सांगलीचा संकेत सरगर, वजनगट ५५ किलो. वडिलांची सांगलीत पानटपरी. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. पुढे १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. एकूण २४८ किलो आणि रौप्यपदक. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूने एका किलोने नेलं.

स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट लोखंड डोक्यावर नेणाऱ्या या पोराच्या किती कॅलरी जळल्या असतील? शाळेतलं भौतिकशास्त्र वापरलं तर उत्तर निघतं. १३५ किलो वजन जमिनीवरून पावणेदोन मीटर वर न्यायला सुमारे २,३०० ज्यूल लागतात, म्हणजे अर्धी कॅलरी. स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात. लागलेल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्साच कामी येतो, उरलेली उष्णता होऊन जाते. तरी हिशेब दोन-तीन कॅलरींपलीकडे जात नाही. ज्वारीच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास असतात.

वजन जितकं जड तितकी चरबी जास्त वितळते, हा समज इथेच लंगडा पडतो. जड वजन फार वेळ उचलताच येत नाही. पहिल्या आठ-दहा सेकंदांचा जोर स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनवर चालतो आणि तो साठा भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून जड उचलणारा तासातला बराच वेळ बाकावर बसून असतो. समजा, एखाद्याला बैठकीत जास्तीत जास्त १०० किलो एकदाच पेलतात. त्याने ९० किलोंच्या तीन-तीन बैठका पाच वेळा मारल्या तर एकूण वजन झालं १,३५० किलो. तोच ६० किलो घेऊन बारा-बारा बैठका चार वेळा मारेल तर २,८८० किलो. काम दुपटीहून जास्त, आणि मधली विश्रांती कमी केली तर दमही चांगलाच लागतो.

शक्ती वाढवायची असेल तर मात्र सरावलेल्याला आपल्या कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जावं लागतं. नवख्याने साठ-सत्तर टक्क्यांवर आठ ते बारा वेळा करावं, असं क्रीडावैद्यक सांगतं. खर्चाचं म्हणाल, तर साठ किलोच्या माणसाला साध्या चालीने केलेल्या तासाभराच्या वजनी व्यायामाला दोनशेच्या थोड्या वर आणि नेटाने केलेल्याला साडेतीनशेच्या घरात कॅलरी लागतात. मनगटावरचं घड्याळ याहून मोठा आकडा दाखवत असेल तर फार हुरळून जाऊ नये. घड्याळ नाडीवरून अंदाज बांधतं. चालताना-पळताना नाडी आणि प्राणवायूचा वापर बरोबरीने वाढतात. वजन उचलताना मात्र स्नायूंच्या ताठरपणामुळे आणि रोखलेल्या श्वासामुळे नाडी उगाचच पुढे धावते.

जिममध्ये आणखी एक आश्वासन मिळतं: आज जड मारा, उद्या-परवापर्यंत कॅलरी जळत राहतील. यात तथ्य आहे. खूप जड व्यायामानंतर शरीराचा प्राणवायूचा वापर दीड दिवसापर्यंत किंचित चढा राहिल्याचं मोजलं गेलं आहे. पण ‘किंचित’ हा शब्द सोडू नये. हा जादा खर्च साधारणपणे मूळ व्यायामाच्या सहा ते पंधरा टक्के असतो. तीनशे कॅलरींच्या व्यायामामागे तो पन्नाशीही गाठत नाही. कमावलेल्या स्नायूंचंही तेच. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेरा कॅलरी खातो, शंभर नाही. खादाड आहे ते हृदय: किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी. सुदैवाने ते तीनशे ग्रॅमचंच असतं.

मग या हृदयाला जड वजन काय करतं?

१९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डंकन मॅकडुगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्या वर. घट्ट आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतात आणि कुंथताना छाती-पोटातला दाब वाढतो, त्याचा हा परिणाम. सलग आवर्तनांचा सेट संपताच आकडा काही सेकंदांत खाली कोसळतो. बाकावरून झटकन उठलेल्याला घेरी येते ती यामुळेच.

इथे एक गोष्ट अनेक ट्रेनर सांगत नाहीत. दाब फक्त वजनाच्या जडपणावर ठरत नाही. मध्यम वजनसुद्धा हात थरथरेपर्यंत, पुढचा एकही रेप (आवर्तन) निघू नये इथवर ओढत नेलं, तर शेवटच्या दोन-चार रेपमध्ये दाब आणि नाडी दोन्ही टिपेला पोचतात. हृदयाचा विचार केला तर वजन किती लावलं याच्याइतकंच सेट कुठे थांबवला हेही मोलाचं. दोन-तीन रेप शिल्लक ठेवून थांबणाऱ्याचं हृदय लवकर पूर्वपदावर येतं.

हे पूर्वपदावर येणंही एकदम घडत नाही. व्यायाम थांबला की मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नस आपला लगाम पुन्हा खेचते आणि नाडी पहिल्या मिनिटातच उतरू लागते. दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा नैसर्गिक फरक मात्र दमवणाऱ्या वजनी व्यायामानंतर बराच वेळ कमी राहतो. कधी तो सावरायला दुसरा दिवस उजाडतो. रोज उठून शेवटच्या रेपपर्यंत झुंजणाऱ्याला झोप लागत नाही, सकाळची नाडी चढी राहते, ती याच कारणाने. मर्दानगीच्या नावाखाली चालणाऱ्या या हट्टाला शास्त्राचा आधार नाही.

पहिल्या मिनिटातल्या उताराला किती महत्त्व द्यायचं, हे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासाने दाखवलं. २,४२८ जणांना ट्रेडमिलवर चालवलं, नंतर हळू चालत ठेवून नाडी मोजली आणि सहा वर्षं पाठपुरावा केला. मिनिटभरात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. वय आणि इतर आजार हिशेबात धरले तरी ते दुप्पट भरलं. ही मोजणी चालण्यानंतरची आहे, वजन उचलल्यानंतरची नव्हे. बैठका मारून मनगट धरलं आणि आकडा कमी आला, तर लगेच घाबरायचं कारण नाही.

हृदयविकाराच्या रुग्णांनी वजनाला हातच लावू नये, असं एकेकाळी मानलं जाई. आता अमेरिकन हार्ट असोसिएशन प्रकृती स्थिर असलेल्यांना देखरेखीखाली हलक्या वजनाचा व्यायाम सुचवते: हातांसाठी कमाल वजनाच्या तीस-चाळीस टक्के, पायांसाठी पन्नास-साठ टक्के, दहा ते पंधरा रेप, श्वास न रोखता. जागतिक आरोग्य संघटना तर सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. सोबत चालणं हवंच. खर्च तिथे होतो.

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांनी वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यातही बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दबलेली असते. त्यांनी घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. व्यायाम करताना धाप न लागता एक वाक्य पूर्ण बोलता येतंय का, एवढं पाहावं आणि येत नसेल तर वजन कमी करावं.