पिनातुबोवरची ड्युटी: 15 जून 1991

पहाटे 5:55. क्लार्क हवाई तळावरच्या तात्पुरत्या वेधशाळेत दिवस उजाडतो तो स्फोटानेच. फिलिपीन्सची 'फिव्होल्क्स' ही ज्वालामुखी-संस्था आणि अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण, दोन्हीकडची माणसं रात्रभर जागी आहेत. या खेपेला पिनातुबो ज्वालामुखीची राख नुसती वर न चढता आडवी धावते. धोक्याच्या वर्तुळाची त्रिज्या 30 किलोमीटरवरून 40 होते.

सकाळ. यून्या वादळ जवळ आलंय, डोंगर ढगांत गडप. आता भरवसा फक्त सुयांवर. डोंगराभोवतीची भूकंपमापक यंत्रं रेडिओवरून संकेत पाठवतात, इथे रुळावरच्या कागदावर सुई ते खरडते. दोन स्फोटांमधली उसंत घटत चाललीय.

अशा वेळी हातात फारसं काही नसतं. खरं काम आधीच होऊन गेलेलं असतं. 2 एप्रिलला वाफेचे स्फोट झाले, तेव्हापासून मंडळी जुन्या राखेचे थर वाचत होती, वायू मोजत होती, धोक्याचा नकाशा आखत होती. सल्फर डायऑक्साइड मे महिन्यात दिवसाला 500 टनांवरून 5000 टनांवर गेला. पण असा नकाशा कोलंबियातही तयार होता. 1985 साली नेवादो देल रुइझ ज्वालामुखीच्या चिखलाने आर्मेरो शहर गिळलं, तेव्हा तो कागदावरच राहिला. इथे आलेल्या अमेरिकी पथकाचा जन्म त्यातूनच झाला. म्हणून इथे अधिकाऱ्यांना आकड्यांच्या जोडीला ज्वालामुखींचं चित्रण करणाऱ्या मॉरिस आणि कातिया क्राफ्ट यांची उद्रेकांच्या धोक्यांवरची फिल्म दाखवली. माझ्या मते सगळ्या यंत्रांपेक्षा ती कामी आली. उतारावरचे आएता लोक आधीच हलवले गेले, 10 जूनला क्लार्कवरचे सुमारे 15 हजार जणही. क्राफ्ट दांपत्य मात्र 3 जूनला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावलं.

दुपारी 1:42. मुख्य उद्रेक. भरदुपारी मिट्ट काळोख, वरून प्युमिसचे खडे. एकेका यंत्राची रेघ सपाट होत जाते. अडीचच्या सुमारास क्लार्कवरचं तेवढं एक चालू उरतं. बाकीची कशाने गेली, हे कुणी कुणाला विचारत नाही. चंबूगबाळं आवरून मंडळी पूर्वेला, पांपांगा कृषी महाविद्यालयाकडे निघतात.

संध्याकाळ. हादऱ्यावर हादरे, शिखर आत कोसळतंय. पावसाने भिजून जड झालेली राख छपरं पाडतेय. आज जीव जातायत ते बहुतेक त्या छपरांखाली. उद्रेकाचा अंदाज खरा ठरला, पण वादळ नेमकं त्याच दिवशी गाठेल, हे कोणत्या नकाशात असणार?

रात्री साडेदहा. जोर ओसरतो. आंजेलिस शहरातल्या आबाकान नदीत गरम चिखल उतरलाय, पूल वाहून गेलेत. पावसाळा तर आत्ता कुठे सुरू होतोय. यंत्रं आता नद्यांच्या काठी बसवावी लागणार.