लाखेच्या चार मोहरा

भंडाऱ्यातली भेसळविरोधी कारवाई बघून या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मनात चित्र होतं ते धाडीचं. जीव अडकला तो मात्र दुधाच्या नमुन्यात.

१९५४चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. इथे तो राबवतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सात तालुक्यांतल्या हॉटेलांचा, डेअऱ्यांचा, किराणा दुकानांचा भार सहायक आयुक्त (अन्न) आणि त्यांच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांवर.

नमुन्यासाठी अधिकारी दूध फुकट उचलत नाही. बाजारभावाने पैसे देतो. विक्रेत्याला नोटीस देऊन त्याच्यासमोर दुधाचे चार भाग करतो. रासायनिक तपासणीपर्यंत ते नासू नये म्हणून २५ मिलिलिटरला दोन थेंब फॉर्मेलिन. बाटलीला जाड कागद, त्यावर बुडापासून वरपर्यंत फिरवलेली सांकेतिक क्रमांकाची पट्टी, मग सुतळी. लाखेच्या मोहरा किमान चार: एक वर, एक खाली, दोन अंगावर, सुतळीच्या गाठीही लाखेखाली. विक्रेत्याची सही अर्धी पट्टीवर, अर्धी वेष्टनावर. सही फाटल्याशिवाय बाटली उघडणारच नाही!

एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे सहायक आयुक्तांच्या, ताब्यात राहतात. चौथा भाग विक्रेत्याने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन अहवाल जुळले नाहीत, तर राखलेल्यांपैकी एक भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे, आणि तिचा शब्द अखेरचा. ज्याच्यावर संशय आहे त्यालाही सरकार त्याच दुधाचा पुरावा देतं. या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे, आणि दूध संध्याकाळपर्यंत पोरांच्या पोटात गेलेलं असतं. दोषी पकडायला ही पद्धत नेटकी आहे. आजचा पेला ती वाचवू शकत नाही.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापुढे तर ती आणखीच तोकडी पडते. जुलै २०१२पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पुढे ती सुगंधित तंबाखूवरही आली. ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढवावी लागते. अशा प्रकरणांत अन्न कायद्यासोबत तेव्हाच्या भारतीय दंड संहितेखालीही गुन्हा चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये म्हटलं होतं. तरी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला जातोच. माल यायला जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशची सीमा आहे, मधून नागपूर-रायपूर महामार्ग. ठेलेवाल्याच्या पुड्या जप्त झाल्या तरी माल पाठवणारा सुटतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचं संकट गिऱ्हाइकाच्या घरावर येतं.

म्हणून धाडींचे आकडे मला पुरेसे वाटत नाहीत. किती नमुने घेतले, किती नापास झाले, किती प्रकरणांत शिक्षा किंवा दंड झाला, हे तालुकावार फलकावर लागलं पाहिजे. कलम ४० प्रमाणे शुल्क भरून सामान्य ग्राहकालाही विकत घेतलेलं अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हा हक्क प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा. सात तालुक्यांवर नजर ठेवायला मूठभर अधिकारी कधीच पुरणार नाहीत. गिऱ्हाईक जागं झालं तरच त्या लाखेला वजन येईल.